पॅनोरॅमिक सनरूफचा पडदा तुटला असेल, तर संपूर्ण कॅसेट बदलण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी पाच वर्षांची असून वॉरंटी संपलेली आहे. पॅनोरॅमिक सनरूफचा विजेवर चालणारा पडदा बंद होताना अर्ध्यावर अडकला, त्याची डावी बाजू खाली लोंबू लागली आणि आता बटण दाबले की छतातून कटकट असा आवाज येतो. सर्व्हिस सेंटरने काच, रेल आणि मोटर यांसह संपूर्ण सनरूफ कॅसेट बदलावी लागेल असे सांगून लाखाच्या पुढचा अंदाज दिला आहे. नुसता पडदा दुरुस्त होऊ शकतो का, आणि हे काम घरी करण्यासारखे आहे का, असे विचारले आहे.

नुसता पडदा बहुतेक वेळा दुरुस्त होतो. तुम्ही वर्णन केलेल्या लक्षणांवरून तर कापड, मोटर आणि काच या तिन्ही गोष्टी शाबूत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तुटलेला आहे तो बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा एक तुकडा, म्हणजे रेलमध्ये धावणारा स्लायडर. घरी करण्याबाबत मात्र माझे मत अर्धे होकारार्थी आहे. तपासणी, रेलची सफाई आणि काही गाड्यांत स्लायडर बदलणे एवढे घरी जमते, पण रूफ लायनिंग, म्हणजे छताचे आतले अस्तर, उतरवण्याची वेळ आली तर ते काम सनरूफची सवय असलेल्या कारागिराकडेच द्यावे. त्याचे कारण पुढे येईल.

सगळ्यात आधी बटण दाबणे थांबवा. कटकट हा आवाज मोटरच्या दात्यावरून केबल घसरत असल्याचा किंवा तुटलेला तुकडा रेलमध्ये आपटत असल्याचा असतो, आणि प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर चांगल्या स्थितीत असलेली उजवी बाजू पुढे ओढली जाते, तर डावी जागेवरच राहते. पडद्याच्या पुढच्या टोकाची आडवी पट्टी अशी तिरकी ओढली गेली की कापडाची कड रेलच्या खाचेतून बाहेर पडते, तिला मोड येतो, आणि स्लायडरवर भागणारे काम पडद्याच्या संपूर्ण संचापर्यंत जाते. काचही तूर्त उघडू नका. पुष्कळ गाड्यांत काच मागे सरकली की ती पडद्यालाही सोबत मागे ढकलते, आणि अडकलेल्या पडद्यावर तो जोर आला तर रेलच वाकते.

दुरुस्तीचा निर्णय योग्य व्हावा म्हणून या पडद्याची रचना समजून घेणे आवश्यक आहे. छताच्या मागच्या बाजूला, लायनिंगच्या वर, एका आडव्या नळीवर, म्हणजे रोलरवर, कापड गुंडाळलेले असते आणि त्या नळीत दुकानाच्या शटरला असते तशी स्प्रिंग असते, जी कापडाला सतत मागे ओढत राहते. कापडाच्या पुढच्या टोकाला एक आडवी पट्टी असते. तिच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे पाय, म्हणजे स्लायडर असतात, जे डाव्या-उजव्या ॲल्युमिनियमच्या रेलमध्ये धावतात. प्रत्येक स्लायडरला एक केबल जोडलेली असते. ही केबल ब्रेकच्या केबलसारखी गुळगुळीत नसून तिच्यावर बाहेरून तारेचा पीळ दिलेला असतो. तो पीळ मोटरच्या दातेरी चाकात अडकतो आणि चाक फिरले की एकाच वेळी दोन्ही केबल पुढे किंवा मागे ढकलल्या जातात. कापड मधून लोंबू नये म्हणून त्याच्या दोन्ही कडांना पातळ लवचीक कडपट्टी बसवलेली असते, आणि ती रेलच्याच एका अरुंद खाचेतून सरकते.

यात सर्वाधिक ताण सोसतो तो स्लायडर. त्याला एकीकडून केबल पुढे ढकलत असते आणि दुसरीकडून स्प्रिंग मागे ओढत असते. उन्हात उभ्या गाडीत काचेखालचा हा भाग ६० अंश सेल्सियसच्याही पुढे तापतो. कारखान्यात लावलेले ग्रीस काही वर्षांत सुकते, त्यात धूळ मिसळते आणि रेलमध्ये पॉलिश पेपरसारखा थर तयार होतो. विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा काढलेल्या गाडीची रेल टॉर्च लावून पाहिली, तर खाचेच्या तळाशी काळपट घट्ट रेघ आणि तिच्या बाजूला प्लॅस्टिक झिजून पडलेली पांढरी भुकटी दिसते. ही भुकटी दिसली की दोष कापडात शोधण्याचे कारण राहत नाही.

आता निदान. शांत जागी गाडी उभी करून, एका माणसाने आतून टॉर्च धरून पुढच्या पट्टीची दोन्ही टोके पाहावीत. पट्टी तिरकी झाली असेल, म्हणजे एक टोक पुढे आणि दुसरे मागे असेल, तर मागे राहिलेल्या बाजूचा स्लायडर तुटला आहे किंवा त्याची केबल सुटली आहे. पट्टी सरळ आहे पण कापड एका कडेने खाली आले आहे, असे असेल तर कडपट्टी खाचेतून बाहेर पडली आहे. पट्टी सरळ आणि कडाही जागेवर असून कापड मधोमध झोळीसारखे लोंबत असेल तर रोलरच्या स्प्रिंगचा ताण गेला आहे. मोटरचा आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज आणि बटण पाहावे. पडदा थोडा पुढे जाऊन आपोआप मागे येत असेल, तर काहीच तुटलेले नसण्याचीही शक्यता असते: हात अडकू नये म्हणून दिलेली सुरक्षा-व्यवस्था वाढलेल्या घर्षणालाच अडथळा समजते, किंवा बॅटरी काढल्यानंतर मोटर आपली शेवटची जागा विसरलेली असते. अशा वेळी रेल साफ करून सनरूफ नव्याने जुळवून घेतले की पडदा पूर्ववत चालतो. ही जुळवणी प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. अनेक कोरियन गाड्यांत काच व पडदा पूर्ण बंद करून, बटण बंदच्या दिशेने सुमारे १० सेकंद, काच किंचित हलेपर्यंत धरून सोडायचे आणि ३ सेकंदांच्या आत पुन्हा धरून ठेवायचे, म्हणजे सनरूफ स्वतःहून एकदा उघडून बंद होते. तुमच्या गाडीची रीत मालकासाठीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तीच पाळावी. मात्र काही तुटलेले असताना ही जुळवणी करू नये, कारण त्या वेळी मोटर पूर्ण पल्ला चालते आणि तुटलेल्या भागाचे आणखी तुकडे होतात.

तुमच्या बाबतीत डावी बाजू लोंबते आहे आणि आवाजही येतो आहे, म्हणून डावा स्लायडर हाच माझा पहिला संशय आहे. टॉर्चच्या उजेडात पट्टीच्या डाव्या टोकाशी तुटलेल्या प्लॅस्टिकची ताजी, खडबडीत कड दिसते का ते पाहा. रेलमध्ये सुटा तुकडा पडला असेल तर चिमट्याने काढा आणि जपून ठेवा, कारण नवा भाग मागवताना मोजमाप त्याच्यावरूनच घ्यावे लागेल.

तुटलेला तुकडा फेविक्विकसारख्या झटपट गोंदाने चिकटवण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. हे स्लायडर बहुधा ॲसिटल किंवा नायलॉनचे असतात. ॲसिटलचा पृष्ठभाग तेलकट स्वभावाचा असल्यामुळे त्याच्यावर गोंद धरत नाही, आणि धरला तरी पहिल्याच कडक दुपारी सुटतो. शिवाय पातळ गोंद ओघळून रेलच्या खाचेत गेला तर तो खरवडून काढताना रेलवर ओरखडे उठतात. ३डी प्रिंट करून देणारे आता बऱ्याच शहरांत आहेत आणि तो पर्याय वाईट नाही, पण नेहमीच्या पीएलए प्लॅस्टिकमध्ये भाग छापून घेऊ नये. ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडते. एएसए, एबीएस किंवा नायलॉन मागावे आणि बसवण्याआधी खाचेत सरकणाऱ्या बाजू बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून घ्याव्यात.

सुट्या भागांच्या चौकशीत चिकाटी लागते. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर संगणकात ‘सनरूफ असेंब्ली’ एवढेच दिसते आणि तेथेच अंदाज लाखावर जातो. तुम्ही चासी नंबर देऊन पार्ट्स विभागाकडे ‘रोलर ब्लाइंड’ किंवा ‘सनशेड असेंब्ली’ हा चाइल्ड पार्ट, म्हणजे असेंब्लीतला सुटा भाग, वेगळा येतो का, असे नेमके विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. बऱ्याच मॉडेलमध्ये रोलर, कापड, पट्टी आणि स्लायडर असा संच वेगळा मिळतो आणि तो कॅसेटच्या तुलनेत कितीतरी स्वस्त असतो. हेही लक्षात घ्या की सनरूफची कॅसेट बहुतेक वेळा गाडी बनवणारी कंपनी स्वतः तयार करत नाही. तिचे उत्पादक वेगळे असतात. जर्मनीच्या वेबास्तोचा कारखाना आपल्या चाकणला आहे आणि इनाल्फा-गॅब्रिएलचा चेन्नईजवळ. कॅसेटवर उत्पादकाचे लेबल असते. त्यावरचा क्रमांक टिपून घेतला तर तीच यंत्रणा वापरणाऱ्या दुसऱ्या मॉडेलचा स्लायडर तुमच्या गाडीला चालेल का, हे पार्ट्सवाल्याला शोधता येते. बाजारात कंपनीबाहेरचे स्लायडरही मिळतात, पण नुसते छायाचित्र पाहून घेऊ नयेत. पायाची लांबी, खाचेत बसणाऱ्या कडेची जाडी आणि केबल अडकण्याच्या छिद्राची जागा, ही तीन मापे व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) जुळवावीत. डावा आणि उजवा स्लायडर एकमेकांचे आरसे असतात, म्हणून बाजू तपासून जोडीच घ्यावी. एक तुटला आहे तर दुसऱ्यानेही तेवढेच ऊन आणि तेवढाच ताण सोसलेला आहे.

विम्याबद्दल एक वाक्य पुरे आहे: झाडाची फांदी पडून किंवा अपघातात सनरूफ फुटले तर दावा होतो, पण झीज किंवा यांत्रिक बिघाड सर्वसाधारण मोटर पॉलिसीत बसत नाही. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर पडदा तिच्यात यंत्राचा भाग धरला आहे की आतल्या सजावटीचा, हे करारात वाचून घ्या.

आता प्रत्यक्ष काम. काही गाड्यांत पुढची काच उतरवली की वरूनच पट्टीच्या टोकांपर्यंत हात पोहोचतो. काच दोन्ही बाजूंना टॉर्क्स स्क्रूंवर बसवलेली असते. स्क्रू सैल करण्याआधी त्यांच्या जागेवर मार्करने खुणा करून ठेवाव्यात, कारण काच परत बसवताना तिची उंची याच स्क्रूंवर ठरते. पुढची कड छताच्या पातळीत किंवा किंचित खाली आणि मागची कड पातळीत किंवा किंचित वर राहिली पाहिजे, नाहीतर हायवेवर वाऱ्याची शिटी सुरू होते. काच उचलताना दोन माणसे हवीत आणि ती नेहमी गादीवर किंवा जाड चादरीवर आडवी ठेवावी. टफन केलेली काच फरशीवर कोपऱ्यावर टेकवली तर क्षणात चुरा होतो.

जिथे वरून हात पोहोचत नाही, तिथे रूफ लायनिंग खाली घ्यावे लागते, आणि कारागीर हवा असे मी म्हटले ते याच टप्प्यासाठी. लायनिंग सोडवण्यासाठी सन व्हायझर, हँडल, पुढचा दिव्यांचा कन्सोल आणि खिडक्यांमधल्या खांबांची ट्रिम काढावी लागते, आणि त्या ट्रिमच्या मागून, छताच्या कडेने, कर्टन एअरबॅग गेलेली असते. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय तिथे हात घालू नये, एअरबॅगच्या कनेक्टरला मल्टीमीटर लावू नये, आणि कनेक्टर सुटलेला असताना इग्निशन चालू करू नये. काही गाड्यांत पुढच्या खांबाच्या ट्रिमला बांधलेली क्लिप एकदा काढली की नवीच बसवावी लागते. ती जुनी वापरली तर एअरबॅग उघडताना ट्रिम उडून प्रवाशाला लागू शकते. ज्या गॅरेजवाल्याला हे माहीत नाही त्याच्याकडे काम देऊ नका, मग तो कितीही स्वस्तात करत असो. लायनिंगचे बोर्डही नाजूक असते, एकदा मोडले की त्याची घडी कायम दिसते. म्हणून सगळ्या सीट मागे पाडून, स्वच्छ हातमोजे घालून ते समतल खाली घ्यावे.

यापुढच्या दोन गोष्टी नीट झाल्या तर दुरुस्ती टिकते. पहिली रोलरच्या स्प्रिंगची. रोलर मोकळा करण्याआधी त्याला पिन घालून किंवा टेपने घट्ट बांधून जखडावे. तो हातातून सुटला तर स्प्रिंग जोरात उलगडते, कडपट्टीची धार बोटे कापते, आणि मूळ ताण किती होता हे कळण्याचा मार्ग उरत नाही. ताण सोडणे अटळच असेल तर तो सोडताना किती फेरे फिरले ते मोजून लिहून ठेवावेत आणि बसवताना तेवढेच फेरे द्यावेत. कापड लोंबू नये म्हणून दोन-चार फेरे जास्त देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, पण त्याने नव्या स्लायडरवर जुन्यापेक्षा जास्त ओढ येते आणि तोही तुटतो.

दुसरी गोष्ट दोन्ही केबलच्या मेळाची. मोटर काढली की दोन्ही केबल मोकळ्या होतात आणि पट्टी हाताने सरकवता येते. नवे स्लायडर बसवल्यावर पट्टी पुढे आणावी आणि छताच्या पुढच्या आडव्या बीमपासून पट्टीच्या डाव्या व उजव्या टोकापर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजावे. ही दोन अंतरे मिलिमीटरच्या हिशेबात सारखी झाल्यावरच मोटर बसवावी. केबलचा पीळ एका दात्याने जरी पुढे-मागे अडकला तरी पडदा कायम तिरका चालतो. सुरुवातीला ते डोळ्यांना जाणवतही नाही, पण एक कड रेलला घासत राहते. स्लायडर बदलूनही वर्षभरात तोच बिघाड परत आल्याच्या तक्रारी मी पाहतो, तेव्हा बहुतेकांच्या मुळाशी हे न मोजलेले अंतर असते. मोटर काढल्यावर बटण दाबू नये. तिने आपली शून्य स्थिती लक्षात ठेवलेली असते.

कडपट्टी खाचेत परत घालायची असेल तर मागच्या तोंडापासून, जिथे रेल थोडी रुंद असते तिथून सुरुवात करावी आणि बोथट प्लॅस्टिकच्या पट्टीने ती थोडीथोडी आत सरकवावी. स्क्रूड्रायव्हर वापरला की कापड फाटते. कडपट्टीला ठळक मोड आलेला असेल तर ती दाबून सरळ करण्यात वेळ घालवू नये, कारण त्याच जागी ती पुन्हा बाहेर येते. तेव्हा संचच बदलावा. कापड विरले म्हणून कुशनवाल्याकडून नवे लावून घेण्याचा विचार असेल तर जाडी मूळ कापडाइतकीच हवी, यावर ठाम राहा. फोम लावलेले कापड किंवा रेक्झिन दिसायला भारी वाटते, पण ते गुंडाळल्यावर रोलरचा घेर वाढतो आणि पडदा मागच्या घरात मावत नाही.

रेल साफ करताना पेट्रोल, थिनर किंवा डब्ल्यूडी-४० वापरू नये. पहिली दोन प्लॅस्टिक आणि रबर खराब करतात, तिसरे उरलेसुरले ग्रीस धुऊन टाकते आणि वर कापडाला डाग पाडते. मायक्रोफायबरच्या कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन काळा थर पुसून काढावा, आणि मग पीटीएफई (टेफ्लॉन) असलेले, प्लॅस्टिकला चालणारे सिंथेटिक ग्रीस काडीच्या टोकावर घेऊन खाचेत अगदी पातळ लावावे. बेअरिंगचे ग्रीस लावू नये, उन्हात त्यातले तेल सुटून कापडावर उतरू शकते.

लायनिंग खाली असतानाच सनरूफच्या पाण्याच्या नळ्याही तपासून घ्या. ती संधी पुन्हा मिळत नाही. कॅसेटच्या चारही कोपऱ्यांतून खांबांच्या आतून नळ्या खाली जातात. प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओतून ते गाडीखाली पडते का ते पाहावे. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, तिच्या दाबाने नळी वरच्या जोडातून निसटते आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी लायनिंगवर येते.

भाग येईपर्यंत गाडी वापरायची असेल तर पट्टी दोन्ही हातांनी समतल धरून, जिथवर जोर न लावता जाते तिथवर मागे न्यावी आणि लोंबणारे टोक हँडलला मऊ नाडीने बांधून ठेवावे. टेप लावू नये. उन्हात तिचा गोंद कापडात मुरतो. उन्हासाठी तोपर्यंत काचेखाली जाळीचा सुटा पडदा बसवता येतो.

सर्व काही बसवल्यावर बॅटरी जोडून आधी जुळवणी पूर्ण करावी आणि पडदा काही वेळा पूर्ण उघडून बंद करून पाहावा, पण गाडी लगेच ताब्यात घेऊ नये. ती तास-दोन तास दुपारच्या उन्हात उभी करून, छत तापलेले असताना पडदा पुन्हा चालवून पाहावा. थंड असताना गुळगुळीत चालणारा पडदा तापल्यावर मध्येच थबकत असेल किंवा मागे येत असेल, तर नव्या स्लायडरची जाडी खाचेसाठी जास्त आहे किंवा रेल कुठेतरी आत दबली आहे, आणि लायनिंगच्या सगळ्या क्लिपा लावून होण्याआधीच ते दुरुस्त करून घेणे सोयीचे असते.